गोळी एकच, मात्रा ज्याची त्याची

घरात तान्हे बाळ आले की माळ्यावरची सहाण खाली उतरे आणि आजी बाळगुटी उगाळायला बसे, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. मुरडशेंगेचे दोन वेढे, हिरड्याचे तीन, वेखंडाचा एक. जायफळापाशी मात्र तिचा हात आखडता होई. बाळ महिन्याचे असताना जितके वेढे, तितकेच ते तीन महिन्यांचे झाल्यावर नसत. आदल्या दिवशी पोट साफ झाले नसेल तर एक वेढा वाढे, पोट बिघडलेले असेल तर दुसरा कमी होई. (बाळगुटी द्यावी की नाही, यावर आजचे बालरोगतज्ज्ञ वेगळे सांगतात आणि पहिले सहा महिने फक्त आईचे दूध हेच योग्य, पण तो आजचा विषय नव्हे.) पुडी तीच, काष्ठौषधी त्याच, मात्रा मात्र बाळाकडे पाहून ठरे.

आज त्याच आजी-आजोबांच्या उशाशी कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची पट्टी असते आणि तिची मात्रा वर्षानुवर्षे कोणाकडेही न पाहता चालू राहते.

एक घर डोळ्यांसमोर आणा. बुलढाणा जिल्ह्यात ते शोधायला लांब जावे लागणार नाही. घाटावर चिखली-मेहकरकडे सापडेल, घाटाखाली नांदुरा-मलकापूरकडेही सापडेल. आजोबा बहात्तर वर्षांचे. तीन वर्षांपूर्वी छातीत कळ आली, मुलाने रातोरात मोठ्या शहरात नेले, स्टेंट बसला. घरी पाठवताना हाती दिलेल्या कागदावर अॅटोर्व्हास्टॅटिन ४० मि.ग्रॅ. असे लिहिलेले आहे. आजी अडुसष्ट वर्षांच्या, त्यांना मधुमेह. त्यांची गोळी त्याच औषधाची, पण १० मि.ग्रॅ.ची. आजीची पट्टी संपली की त्या आजोबांच्या पट्टीतली गोळी घेतात, कधी आजोबा आजींची घेतात. ‘कोलेस्टेरॉलचीच तर आहे’ असा दोघांचा हिशेब. कार्तिकात कापूस वेचणी सुरू झाली, आजोबांच्या पोटऱ्या दुखू लागल्या, शेजारी म्हणाला की ही गोळी स्नायू खाते. आजोबांनी ती बंद केली. मुलगा पुण्यात, त्याला ठाऊक नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, स्टेंट बसल्यापासून आजोबांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल एकदाही तपासलेले नाही. गोळी लागू पडते आहे की नाही, कमी पडते आहे की जास्त होते आहे, हे त्या घरात कोणालाही माहीत नाही.

या लेखात आपण एवढेच पाहणार आहोत, की रक्तातील आकड्यांवरून या गोळीची मात्रा कशी ठरते, ती कोणाची किती असावी लागते, आणि आपल्याकडे राहणाऱ्या माणसाला त्यासाठी काय करता येते.

हे आपण आधीच करत आलो आहोत

‘जैवनिर्देशक’ हा शब्द जड वाटतो. शरीरात काय चालले आहे हे सांगणारी, मोजता येण्याजोगी खूण, इतकाच त्याचा अर्थ. या खुणेवरून औषधाची मात्रा बदलणे ही काही परदेशातून नुकतीच आलेली कल्पना नाही. आपल्या घरात कोणाला थायरॉईडची गोळी असेल तर टीएसएच पाहून डॉक्टर ती ५० मायक्रोग्रॅमवरून ७५ वर नेतात, हे आपण पाहिलेले असते. इन्सुलिन घेणारी व्यक्ती साखर पाहून युनिट ठरवते. हृदयातील झडप बदललेला रुग्ण वॉरफॅरिन घेत असेल तर त्याचा आयएनआर नियमाने तपासला जातो. आकडा वर गेला तर गोळी अर्धी होते, खाली आला तर वाढते. थायरॉईडची गोळी शेजारणीला उसनी देण्याचे कोणाच्या मनात येत नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या वाट्याला मात्र हा मान आलेला नाही, याचे कारण बहुधा असे की तिची मात्रा चुकली तरी आज, उद्या, या महिन्यात काहीच जाणवत नाही. जाणवते ते कित्येक वर्षांनी, एकदम.

या औषधाचा जन्मच मुळी आकड्याच्या पाठलागातून झाला. जपानमधील अकिरा एन्दो या संशोधकाने सहा हजारांहून अधिक बुरशी तपासल्या आणि १९७३ मध्ये तांदळावर वाढलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारा पहिला पदार्थ शोधला. त्यापासून ‘स्टॅटिन’ या औषधकुळाची सुरुवात झाली. एन्दो २०२४ मध्ये नव्वदाव्या वर्षी निवर्तले. स्टॅटिन यकृतातील कोलेस्टेरॉलचा कारखाना मंदावते. मग यकृत आपली गरज भागवण्यासाठी रक्तातील एलडीएल, म्हणजे ज्याला आपण ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतो ते, ओढून घेऊ लागते आणि रक्त हलके होते. या औषधाने माणसे खरोखर वाचतात हे ज्या पहिल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झाले, ती १९९४ ची स्कॅन्डिनेव्हियातील चाचणी. ४,४४४ हृदयरुग्ण. सिम्व्हास्टॅटिनच्या २० मि.ग्रॅ.ने सुरुवात केली गेली आणि रक्तातील आकडा ठरल्यापर्यंत उतरला नाही, त्यांना ४० दिली गेली. मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. मात्रा आकड्यावरून ठरवण्याची रीत अशी पहिल्या यशातच होती. मधल्या काळात ती आपण हरवून बसलो.

हरवण्यात तज्ज्ञांचाही वाटा आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी ठरावीक लक्ष्याचा आग्रह सोडला आणि धोका मोठा असेल तर थेट मोठी मात्रा द्यावी, असा पवित्रा घेतला. पाच वर्षांनी त्यांनीच आकड्यांना पुन्हा जागा दिली. या दोन्ही वाटांची समोरासमोर परीक्षा दक्षिण कोरियात झाली. लोडस्टार नावाच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले ४,४०० रुग्ण घेतले. अर्ध्यांना सरसकट मोठी मात्रा. उरलेल्या अर्ध्यांची मात्रा एलडीएल ५० ते ७० च्या दरम्यान राहील अशी कमी-जास्त केली. तीन वर्षांनी मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा पुन्हा स्टेंट-बायपास यांचे प्रमाण पहिल्या गटात ८.७ टक्के होते, दुसऱ्यात ८.१ टक्के. म्हणजे मोजून दिलेली मात्रा सरसकट मोठ्या मात्रेपेक्षा उणी ठरली नाही. ज्येष्ठ माणसाच्या दृष्टीने हा निकाल फार मोलाचा आहे. कारण मोठी मात्रा सोसत नसेल तर उपचारच संपला, असे मानण्याचे कारण उरत नाही.

कोणता आकडा वाचावा

तपासणीचा कागद हाती आला की आपली नजर पहिल्या ओळीवर जाते: एकूण कोलेस्टेरॉल. ते २०० च्या आत असले की घरात सुटकेचा निःश्वास. ही पहिली ओळ आपल्या लोकांना सर्वाधिक फसवते.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने जी देशव्यापी पाहणी हाती घेतली, तिच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचाही समावेश होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले लोक सुमारे १४ टक्केच होते. पण ट्रायग्लिसराइड वाढलेले जवळजवळ ३० टक्के, आणि एचडीएल म्हणजे ‘चांगले कोलेस्टेरॉल’ कमी असलेले तब्बल ७२ टक्के. आपला बिघाड हा असा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तो एका छायाचित्राने साऱ्या जगाला समजावून दिला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र आले. उंचीच्या मानाने वजन दोघांचे अगदी सारखे. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९ टक्के, याज्ञिकांच्या २१ टक्के. ‘मी तर सडसडीत आहे, मला कशाला कोलेस्टेरॉल’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक आजोबांना ते छायाचित्र दाखवावे.

आता कागदावरचे एक गणित करू. गावातील बहुतेक प्रयोगशाळांत एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा. समजा एकूण २००, एचडीएल ३५, ट्रायग्लिसराइड ३५०. तर २०० उणे ३५ उणे ७०, म्हणजे एलडीएल ९५. शंभराच्या आत! पण थांबा. एकूणातून फक्त एचडीएल वजा करा: २०० उणे ३५, म्हणजे १६५. याला ‘नॉन-एचडीएल’ म्हणतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरू शकणारे सगळे कोलेस्टेरॉल त्यात येते. त्याची मर्यादा एलडीएलच्या मर्यादेपेक्षा साधारण तीसने जास्त धरतात. ज्याचे एलडीएल १०० च्या आत हवे, त्याचे नॉन-एचडीएल १३० च्या आत हवे. इथे ते १६५ आहे. एलडीएलने ‘सर्व ठीक’ म्हटले, नॉन-एचडीएलने गुपित फोडले. ही वजाबाकी करायला पैसे पडत नाहीत, वेगळी तपासणी लागत नाही. नातवाला सांगा, तो क्षणात करून देईल.

त्याहून एक पाऊल पुढे आहे ती अॅपो-बी ही तपासणी. खामगावच्या बाजारात कापूस आणणाऱ्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ती चटकन कळेल. रस्ता कशाने तुंबतो? एकूण किती क्विंटल कापूस आला त्याने नव्हे, किती गाड्या आल्या त्याने. शंभर गाड्या अर्ध्याच भरलेल्या असल्या तरी रस्ता तितकाच अडतो. रक्तातही कोलेस्टेरॉल असेच कणांत भरून फिरते आणि अशा प्रत्येक घातक कणावर अॅपो-बी नावाच्या प्रथिनाचा एकच रेणू असतो. म्हणून अॅपो-बी मोजणे म्हणजे गाड्या मोजणे. ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्या, मधुमेह असलेल्या, पोट सुटलेल्या माणसांत अर्धवट भरलेल्या गाड्या फार असतात. तिथे ही तपासणी उपयोगी पडते. सर्वांनी ती करावीच असे नाही.

लिपोप्रोटीन-ए ही तिसरी खूण, आणि ती थोडी वेगळी. ती वारशाने येते. आहाराने किंवा स्टॅटिनने ती खाली येत नाही. तरीही आयुष्यात एकदा ती तपासावी, असे भारतीय हृदयरोगतज्ज्ञांची संघटना सुचवते. कारण ती ५० मि.ग्रॅ.पेक्षा जास्त निघाली तर धोका वाढतो, आणि मग बाकीच्या आकड्यांबाबत डॉक्टर अधिक कडक होतात. ज्या घरात पन्नाशीच्या आत कोणाला झटका आला आहे, तिथे ही तपासणी चुकवू नये. तसेच कोणाचे एलडीएल १९० च्या वर निघाले तर मुला-नातवंडांचेही रक्त तपासून घ्यावे. तो दोष जन्मजात असू शकतो.

आजींची मर्यादा, आजोबांची मर्यादा

याच संघटनेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांचे सार असे, की आकड्याची मर्यादा माणसागणिक वेगळी आहे. अन्य काही आजार नाही, अशा माणसाचे एलडीएल १०० च्या आत असावे. मधुमेह, रक्तदाब असे धोके असलेल्याचे ७० च्या आत. ज्याला झटका, पक्षाघात होऊन गेला, स्टेंट बसला, त्याचे ५५ च्या आत. म्हणजे आपल्या त्या घरातील आजींची मर्यादा ७० आणि आजोबांची ५५. प्रयोगशाळेच्या कागदावर उजवीकडे जो ‘सामान्य’ म्हणून आकडा छापलेला असतो, तो या दोघांपैकी कोणाचाच नाही. तो छापील आकडा पाहून निश्चिंत होणे हीच आपल्याकडची सर्वांत मोठी चूक, असे मला वाटते.

मर्यादा ठरली, आता मात्रा. इथे एक गोष्ट समजून घ्यावी, जी फार थोड्या कुटुंबांना सांगितली जाते. गोळी दुप्पट केली म्हणजे परिणाम दुप्पट होत नाही. अॅटोर्व्हास्टॅटिनची १० मि.ग्रॅ.ची गोळी एलडीएल साधारण ३७ ते ३९ टक्क्यांनी उतरवते. मात्रा दुप्पट केली की प्रत्येक वेळी भर पडते ती जेमतेम सहा टक्क्यांची. सुरुवातीला एलडीएल १६० असेल तर १० मि.ग्रॅ.वर ते १०० च्या आसपास येईल, २० वर नव्वदीत, ४० वर ऐंशीच्या थोडे वर, आणि ८० मि.ग्रॅ. घेऊनही सत्तरच्या खाली जाईलच असे नाही. पहिल्या छोट्या गोळीने मोठे काम केलेले असते. म्हणूनच मात्रा वाढवत नेण्याऐवजी एझेटिमाइब हे दुसऱ्या जातीचे औषध जोडण्याकडे आता कल आहे; ते आतड्यातून शोषले जाणारे कोलेस्टेरॉल अडवते आणि उरलेल्या आकड्यात आणखी सुमारे २० टक्के घट करते. कोरियातीलच दुसऱ्या एका चाचणीत रोसुव्हास्टॅटिन १० आणि एझेटिमाइब १० ही जोडी, एकट्या रोसुव्हास्टॅटिन २० च्या तोडीस तोड ठरली. आणि न सोसल्यामुळे औषध थांबवावे किंवा कमी करावे लागले असे रुग्ण जोडीच्या गटात ४.८ टक्के होते, एकट्या मोठ्या मात्रेच्या गटात ८.२ टक्के.

ही सगळी सरासरी. आपल्या घरातील माणसात नेमकी किती घट होईल, हे गोळी सुरू केल्यावर रक्तच सांगते. म्हणून गोळी सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर चार ते बारा आठवड्यांत पुन्हा तपासणी करायची, आणि आकडा स्थिरावल्यावर वर्षातून एक-दोनदा. आपल्याकडे नेमकी हीच दुसरी तपासणी राहून जाते.

रोसुव्हास्टॅटिनबाबत एक सावधगिरी विशेषतः आपल्यासाठी. आशियाई वंशाच्या लोकांत, ज्यांत भारतीयही आले, या औषधाची रक्तातील पातळी गोऱ्या लोकांच्या तुलनेत साधारण दुप्पट होते, असे आढळले आहे. म्हणून अमेरिकेतील औषध-नियामकाने मान्य केलेल्या माहितीपत्रकात आशियाई रुग्णांची सुरुवात ५ मि.ग्रॅ.ने करण्याची सूचना आहे. तिकडे स्थायिक झालेल्या मुलाने स्वतःच्या डॉक्टरांची मात्रा ऐकून वडिलांना फोनवर ती सुचवू नये. शिवाय मूत्रपिंड बरेच मंदावले असेल तर याच गोळीची मात्रा १० मि.ग्रॅ.पुढे नेत नाहीत. कृश झालेल्या वृद्धांत क्रिएटिनिनचा आकडा वरवर ठीक दिसतो, कारण स्नायूच कमी असतात. वय धरून काढलेला ‘ईजीएफआर’ पाहायला सांगावे. आणि स्टॅटिन सुरू करण्यापूर्वी टीएसएच एकदा जरूर तपासावे. थायरॉईड मंद असेल तर कोलेस्टेरॉल त्यामुळेच वाढलेले असू शकते, आणि तो दोष न सुधारता स्टॅटिन दिले तर स्नायूदुखीही लवकर गाठते.

पोटऱ्या दुखतात तेव्हा

आता आजोबांच्या पोटऱ्यांकडे येऊ. शेजाऱ्याचे बोलणे पूर्ण खोटे नाही. स्टॅटिनमुळे काहींचे स्नायू दुखतात, आणि क्वचित, फार क्वचित, स्नायूंची गंभीर हानीही होते. कोणाला होते याचेही एक उत्तर रक्तात सापडले आहे. २००८ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवले की औषध यकृतात ओढून घेणाऱ्या एका वाहक प्रथिनाच्या जनुकात ठरावीक बदल असेल, तर सिम्व्हास्टॅटिनच्या ८० मि.ग्रॅ.वर हा धोका एका प्रतीने साडेचार पट आणि दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर जवळपास सतरा पट होतो. सिम्व्हास्टॅटिनची ती प्रचंड मात्रा आता नव्याने सुरू करत नाहीत. जनुकाची तपासणी मोठ्या शहरांत होते. पण प्रत्येकाने ती करावी असे नाही. तिच्यावर खर्च करण्याआधी साधी लिपिड तपासणी दोनदा करावी, हे माझे स्पष्ट मत.

दुसरी बाजूही ऐका. लंडनमध्ये साठ माणसांवर एक विलक्षण प्रयोग झाला. हे साठही जण त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडून बसलेले होते. त्यांना वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या: चारांत स्टॅटिन, चारांत तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, चार रिकाम्या. रोज किती त्रास झाला याचा आकडा त्यांनी नोंदवायचा. काहीच न घेतलेल्या महिन्यांत सरासरी ८, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३, आणि पोकळ गोळीच्या महिन्यांत १५.४! त्रास खरा होता, कोणी ढोंग करत नव्हते. पण त्याचा बहुतेक भाग ‘गोळी घेतली’ या जाणिवेतून आला होता. हे समजल्यावर त्यांतील निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली.

मग आपल्या आजोबांचे दुखणे कोणते? ते शोधावे लागते. सीपीके ही स्नायूंची तपासणी असते. पण सवय नसलेले कष्टाचे काम केल्यावर ती गोळीविनाही वाढते. वेचणीच्या किंवा निंदणीच्या दुसऱ्याच दिवशी रक्त देऊ नका. दोन-चार दिवस विश्रांतीनंतर द्या. ड जीवनसत्त्व कमी आहे का, थायरॉईड ठीक आहे का, हे पाहावे. चालल्यावर पोटरी धरते आणि थांबल्यावर सुटते, असे असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची शंका घ्यावी. आणि तसे निघाले तर ज्या गोळीला दोष दिला तीच त्यावरचे औषध आहे. दुसऱ्या औषधाची गाठही पडलेली असू शकते. आपल्या भागात नायट्यासाठी इट्राकोनॅझोलच्या गोळ्या सर्रास, महिना-महिना दिल्या जातात. सिम्व्हास्टॅटिनसोबत त्या घेऊच नयेत, अॅटोर्व्हास्टॅटिनची मात्राही त्या काळात आवरावी लागते. त्वचेच्या डॉक्टरांना आपली कोलेस्टेरॉलची पट्टी दाखवण्याचे आपल्याला सुचत नाही. ते सुचले पाहिजे. लघवी चहासारखी गडद झाली, मांडीत-खांद्यात जोरच राहिला नाही, तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावे.

एरवी गोळी आपल्या मनाने बंद करण्यात धोका आहे. फ्रान्समध्ये पंचाहत्तरी गाठलेल्या, आधी हृदयविकार नसलेल्या १,२०,१७३ व्यक्तींच्या नोंदी तपासल्या. ज्यांनी स्टॅटिन सोडले त्यांना हृदय किंवा रक्तवाहिन्यांच्या विकारासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा धोका ३३ टक्क्यांनी अधिक दिसला. ही नोंदींची पाहणी आहे, काटेकोर चाचणी नव्हे. सोडणाऱ्यांची प्रकृती आधीच खालावलेली असू शकते. तरी ज्याला स्टेंट बसला आहे त्याच्यासाठी हा इशारा पुरेसा आहे. न सोसणाऱ्या माणसाला मात्रा कमी करणे, एक दिवसाआड देणे, स्टॅटिन बदलणे, एझेटिमाइब जोडणे असे कितीतरी मार्ग डॉक्टरांपाशी असतात. पंच्याऐंशीच्या पुढचे, अंथरुणाला खिळलेले, खाणे तुटलेले वृद्ध असतील तर गोळी थांबवणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. तोही डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

एवढे सगळे बुलढाण्यात कोण करणार, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. तो रास्त आहे. जगातील अनेक देशांत झालेल्या ‘प्युअर’ पाहणीचे २०११ मधील निष्कर्ष असे, की श्रीमंत देशांत हृदयरुग्णांपैकी ६६ टक्के लोक स्टॅटिन घेत होते, आणि भारत ज्या गटात मोडत होता त्या गरीब देशांत अवघे ३.३ टक्के. मात्रा तोलण्याच्या गप्पा ज्याला गोळीच मिळाली नाही त्याच्यासाठी पोकळ आहेत, हे मान्य. पण गेल्या काही वर्षांत गोळी स्वस्त झाली आहे, जनऔषधी केंद्रांत ती मूळ नावाने मिळते. बुलढाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सरकारी रुग्णालयांतील मोफत रक्ततपासणीत लिपिड प्रोफाइल होते का, हे आपल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात विचारून पाहावे. तपासणीसाठी अकोल्याला किंवा संभाजीनगरला जाण्याची गरज नाही. जावे लागेल ते निर्णय अवघड असेल तेव्हा, आणि तेव्हा जुने आकडे हातात असावेत.

त्यासाठी फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर एक तक्ता आखून ठेवा: तारीख, गोळीचे नाव, किती मि.ग्रॅ., एलडीएल, नॉन-एचडीएल, आणि माणसाला ठरवून दिलेली मर्यादा. आजी आणि आजोबांच्या गोळ्यांचे डबे वेगवेगळ्या रंगांचे ठेवा. डॉक्टरांना विचारायचे ते एवढेच: आमची मर्यादा किती, आम्ही तिथे पोचलो आहोत का, नसू तर पुढची पायरी कोणती. ताप, मोठे आजारपण नुकते होऊन गेले असेल तर काही आठवडे थांबून तपासा, कारण आजारात एलडीएल खोटेच उतरते. अॅटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन रात्रीच घ्यायला हवी असेही नाही. जी वेळ चुकत नाही ती योग्य. सिम्व्हास्टॅटिन मात्र रात्री.

आणि एक गैरसोय आता टळली आहे. पूर्वी लिपिड तपासणीसाठी बारा तास उपाशी राहावे लागे; संग्रामपूरकडच्या खेड्यातील मधुमेही आजी चहाही न घेता पहाटेच्या एस.टी.ने निघत आणि रांगेत नंबर लागेपर्यंत घेरी येई. २०२४ च्या भारतीय सूचनांनुसार सुरुवातीच्या तपासणीला उपवास लागत नाही. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे निघाले तर मात्र दुसऱ्यांदा उपाशीपोटी बोलावतील. एरवी सकाळी नेहमीसारखी भाकरी खाऊन, मधुमेहाची गोळी घेऊन, दहाच्या गाडीने गेले तरी चालते.